पुणे ते सासवड: दिंडीत पहिल्यांदा चालताना

वारीत एक दिवस तरी चालायचंय, असं म्हणत दर वर्षी मे महिन्यात कुणी ना कुणी माझ्याकडे येतं. कधी ऑफिसमधली मुलगी, कधी सोसायटीतले काका, कधी भाचीच्या मैत्रिणी. सगळ्यांचे प्रश्न अंतराचे असतात. एवढं चालणं झेपेल का, घाट किती अवघड आहे, बूट कुठले घेऊ? ते मी सांगतेच, खालीही सांगितलंय. पण त्याआधी मी त्यांना एक विचारते: तुम्हाला मागे म्हणता येतं का?

मागे म्हणणं म्हणजे एकाने चरण म्हणायचा आणि बाकीच्यांनी तोच उचलायचा. पुढचा म्हणतो तेव्हा तुम्ही ऐकता, श्वास घेता, पाऊल टाकता. तुम्ही म्हणता तेव्हा तो श्वास घेतो. सत्तरीची माणसं दिवे घाट गात गात चढतात ती याच्या जोरावर. एकट्याने सलग म्हणत चढून बघा, थोड्याच वेळात छाती भरून येईल. दिंडीत निम्मं म्हणणं दुसऱ्याचं असतं. आपल्या भाषेत चाल म्हणजे चालणंही आणि गाण्याची चालही, आणि दिंडीत या दोन्ही चाली एकच होतात. ती एक होईपर्यंत तुम्ही रस्त्यावर चालत असता, दिंडीत नसता.

मी हडपसरला राहते. करोनाच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. ती दोन वर्षं सोडली तर बरीच वर्षं मी माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड हा टप्पा चालते आहे, एकाच दिंडीत. त्या अनुभवावरून लिहिते आहे.

दिवस कसा शोधायचा

वारी तिथीने चालते. तुकोबांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, माउलींची आळंदीहून अष्टमीला. नवमीला दोन्ही पालख्या पुण्यात येतात. तुकोबांचा मुक्काम नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात आणि माउलींचा भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात. दशमीचा अख्खा दिवस पुण्यात जातो आणि एकादशीला पहाटे दोन्ही पालख्या पुढे निघतात. इंग्रजी तारीख दर वर्षी बदलते. आषाढाच्या आधी अधिक महिना आला तर सगळंच जुलैपर्यंत पुढे जातं. तिथीची वृद्धी किंवा क्षय असला तर एखादा दिवस मागेपुढे होतो, त्यामुळे कॅलेंडर बघून स्वतः हिशेब करत बसू नका. आळंदी आणि देहू संस्थानांचं वेळापत्रक बरंच आधी वर्तमानपत्रांत येतं, ते कापून ठेवा.

पुण्याच्या माणसाला एका दिवसासाठी तीन टप्पे सोयीचे आहेत. आळंदी ते पुणे हा सपाट, पण शहरात शिरल्यावर दुतर्फा बघ्यांची इतकी दाटी असते की नव्या माणसाचं लक्ष म्हणण्यात राहत नाही. पुणे ते लोणी काळभोर हा तुकोबांच्या पालखीबरोबरचा टप्पा. घाट नाही, अंतरही कमी. गुडघे दुखत असतील, बरोबर दहा-बारा वर्षांचं मूल असेल, तर डोळे मिटून हा घ्या. तिसरा पुणे ते सासवड. अंतर तीस किलोमीटरच्या आसपास, मध्ये दिवे घाट, उन्हाचा नाहीतर पावसाचा मार. तरी पहिल्यांदा चालणाऱ्या धडधाकट माणसाला मी हाच सांगते, कारण चढावरच कळतं की पाय नामाने उचलले जातात.

महिनाभर आधी

चालायचा सराव सगळेच सांगतात, म्हणून त्यात फार शिरत नाही. रोज तीन-चार किलोमीटरपासून सुरुवात करा, रविवारी वाढवत न्या, शेवटच्या रविवारी पंधरापर्यंत पोचा. पर्वतीच्या पायऱ्या किंवा तळजाईचा चढ आठवड्यातून एकदा तरी. शेवटचे तीन दिवस आराम.

म्हणण्याचा सराव मात्र कुणी करत नाही, आणि तोच करायला हवा. एक सोबती घ्या. नवरा, बहीण, शेजारीण, कुणीही. सकाळी चालताना ‘ज्ञानोबा’ला दोन पावलं, ‘तुकाराम’ला दोन पावलं, असं मनात धरा. आधी एकाने मोठ्याने म्हणायचं, मग दुसऱ्याने. पहिले दोन-तीन दिवस फार संकोच वाटतो, समोरून कुणी आलं की आवाज आपोआप खाली जातो. तो संकोच रस्त्यावरच मोडायचा असतो, घरात बसून मोडत नाही. आठवड्याभरात एक गोष्ट ध्यानात येईल: बोलण्यासाठी श्वास राखायचा म्हणून तुम्ही हळू चालायला लागला आहात आणि पावलं सारख्या मापाची पडायला लागली आहेत. दिवसभर टिकणारी गती तीच.

पाठ काय करायचं? एका दिवसासाठी तीन गोष्टी पुरतात. ‘जय जय रामकृष्ण हरी’ हा मंत्र. ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ हा गजर. आणि हरिपाठाचं धृपद, ‘हरि मुखें म्हणा हरि मुखें म्हणा । पुण्याची गणना कोण करी’. ज्ञानदेवांच्या हरिपाठातल्या प्रत्येक अभंगानंतर हे धृपद येतं, त्यामुळे अभंग पाठ नसला तरी तुम्ही पुन्हा पुन्हा सगळ्यांबरोबर येऊन मिळता. वेळ असेल तर हरिपाठही वाचत राहा. रोज एक अभंग म्हटला तरी महिन्याभरात सगळे नजरेखालून जातात. अर्थासकट वाचा. अर्थ माहीत असलेला शब्द थकलेल्या तोंडातूनही नीट निघतो.

जमलं तर त्याआधीच्या एखाद्या वद्य एकादशीला आळंदीला जाऊन या. महिन्याची वारी करणारी मंडळी त्या दिवशी तिथे असतात. मंदिराच्या आवारात एखादं भजन चाललेलं असतं, मागे बसा आणि नुसतं मागे म्हणा. ओळख लागत नाही, परवानगी लागत नाही. दिंडीच्या गर्दीत जे ऐकू येणार आहे ते इथे शांतपणे कानात मुरतं.

टाळ

पहिल्या वर्षी टाळ घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. टाळ दिसायला सोपे. पण दिवसभर वाजवताना मनगट भरून येतं, आणि चुकीच्या ठेक्यावर पडलेला एक टाळ आख्ख्या रांगेला खटकतो. नुसती टाळी वाजवा, ठेका तेवढाच पक्का होतो.

तरीही घ्यायचेच असतील तर आळंदीत मंदिराजवळच्या दुकानांत मिळतात. घेताना दोन्ही वाजवून बघा, नाद किती वेळ रेंगाळतो ते ऐका. धरायची पद्धत मला आमच्या दिंडीतल्या एका आजोबांनी दाखवली होती, हडपसरच्या गाडीतळावर दिंडी थांबली असताना. माझे टाळ ‘थप थप’ असे बसके वाजत होते. त्यांनी काही न बोलता माझी बोटं सोडवली. दोरी तर्जनीवर एक वेढा देऊन घेतली, टाळ बोटांना न चिकटता दोरीवर मोकळा लोंबेल असा केला. मग माझा उजवा हात किंचित वर सरकवला. दोन वाट्या तोंडाला तोंड तंतोतंत मिळवल्या की मधली हवा कोंडते आणि नाद मरतो. एक थोडी सरकवून कडेवर कड पडली की तो सुटतो. ‘दाबू नका माउली, सोडा त्याला,’ एवढंच ते म्हणाले. त्यानंतर तो नाद कोपरापर्यंत जाणवत होता.

पायात काय, पाठीवर काय

नवीन बूट घालून येऊ नका. पहिल्या वर्षी मी हीच चूक केली आणि वडकीपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले. महिनाभर सरावाला वापरलेलंच काहीतरी पायात असू द्या, मग ते स्पोर्ट्स शूज असोत की पट्ट्याचे सँडल. अनवाणी चालणारे वारकरी दिसतील. त्यांच्या तळव्यांना वर्षानुवर्षांची सवय असते, आपण एका दिवसात तसं करायला जाऊ नये. पहाटे निघताना बोटांच्या मध्ये आणि टाचेला व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल चोळा, सुती मोजे घाला, एक जास्तीचा जोड पिशवीत ठेवा. फोड आला तर फोडू नका, पट्टी लावा. वाटेत ठिकठिकाणी आरोग्य पथकं असतात. खरोखर बरं वाटेनासं झालं तर लाजू नका, १०८ ची रुग्णवाहिकाही असते.

पाठीवरची पिशवी हलकी हवी. पाण्याची बाटली, ओआरएसची दोन पाकिटं, खडीसाखर आणि दोन लवंगा घशासाठी, पावसाचं पांघरूण, छोटा टॉवेल, ओळखपत्र, थोडे सुटे पैसे. छत्री नको. रांगेत छत्रीच्या काड्या शेजारच्याच्या डोळ्याशी येतात. वारकरी डोक्यावरून पाठीवर सोडलेला मेणकापड किंवा प्लास्टिकचा कागद वापरतात, त्यात हात मोकळे राहतात आणि टाळी वाजवता येते. पाऊस आला की असे कागद वाटेवरही विकायला येतात.

बायकांसाठी एक-दोन गोष्टी. सुती पंजाबी ड्रेस किंवा नेहमीची नेसायची सवय असलेली साडी, काहीही चालतं. फिरती स्वच्छतागृहं असतात, पण दुपारपर्यंत त्यांच्यासमोर लांब रांगा लागतात, म्हणून दिंडी थांबली की गरज नसली तरी जाऊन यायचं. पाणी कमी पिणं हा त्यावरचा उपाय नाही, त्याने घाटात चक्कर येते. पाळी आली असेल तर चालायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मला इतक्या वर्षांत दिंडीत कुणी विचारलेलं नाही. पॅड आणि कागदी पिशव्या मात्र जवळ ठेवा.

दशमीला पेठांत जा

ही पायरी गाळू नका. चालायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी नाना पेठ, भवानी पेठेत जा. शाळांचे वर्ग, वाड्यांची अंगणं, देवळांचे मंडप, कुणाच्या घराची ओसरी, सगळीकडे दिंड्या उतरलेल्या असतात. कुठे न्हावी विनामूल्य दाढी करून देत असतात, कुठे चांभारदादा चपलांचे तुटलेले अंगठे शिवत असतात, कुठे पायांना तेल लावून देणारी पोरं बसलेली असतात. पुण्यातली कितीतरी घरं त्या दिवशी ठरलेल्या दिंडीला जेवू घालतात, पिढ्यानपिढ्या.

एखाद्या दिंडीत जाऊन हात जोडा, ‘रामकृष्ण हरी माउली’ म्हणा आणि सरळ विचारा: उद्या सासवडपर्यंत तुमच्याबरोबर चालू का? दिंडीप्रमुख किंवा विणेकरी असतील त्यांना विचारायचं. नाही म्हणणारं मला तरी कुणी भेटलं नाही. दिंडी कुठल्या गावची, नंबर किती, रथाच्या पुढे की मागे, सकाळी कुठे उभी राहणार, एवढं लिहून घ्या. माउलींच्या रथापुढे २७ दिंड्या असतात, बाकीच्या कितीतरी रथामागे. हा नंबर म्हणजे तुमचा दिवसभराचा पत्ता. गर्दीत मोबाइल लागत नाही, पण ‘रथामागे अमुक नंबर’ म्हटलं की कुणीही वारकरी वाट दाखवतो.

वीसेक दिवस चालणारे लोक दिंडीत भिशी भरतात, त्यातून शिधा, ट्रक, राहुट्यांचा खर्च निघतो. एका दिवसासाठी कुणी पैसे मागत नाही. आपण होऊन काहीतरी न्यावं. मी चहा पावडर आणि साखर नेते, कारण आमच्या दिंडीतल्या मावशींनीच एकदा सांगितलं होतं की सगळ्यात आधी तेच संपतं.

दिंडीत आपली जागा कुठली

दिंडी म्हणजे नुसता घोळका नाही, तिला क्रम आहे. सगळ्यात पुढे पताकावाले. त्यांच्यामागे टाळकऱ्यांच्या रांगा. मग मृदंगी, त्यांच्यामागे विणेकरी. विण्यामागे डोक्यावर तुळशीवृंदावन आणि पाण्याची घागर घेतलेल्या बाया, आणि त्यांच्यामागे बाकी सगळे. पालखी न्यायची प्रथा तुकोबांचे पुत्र नारायण महाराजांनी १६८५ मध्ये सुरू केली असं मानतात. माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त आली ती हैबतबाबा आरफळकरांमुळे, एकोणिसाव्या शतकात. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे सरदारकी केलेला हा माणूस, सगळं सोडून आळंदीला आला. दिंड्यांचे क्रम, शिस्त राखणारे चोपदार, अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व, या सगळ्यामागे त्यांची नजर आहे. एवढे लाखो लोक रोज एका गावातून दुसऱ्या गावी कसे जातात याचं उत्तर या क्रमात आहे.

नव्या माणसाने शेवटून दुसऱ्या रांगेत चालावं. अगदी शेवटी राहिलात तर मागे पडता आणि म्हणणं ऐकू येत नाही. शेवटून दुसरीत मागेही जुनं माणूस असतं. तुमचा ठेका चुकला तर त्यांचा आवाज पाठीवर येतो आणि पाय आपोआप सावरतात.

विणा आणि टाळकरी यांच्यामधून आडवं जाऊ नका. दुसऱ्या दिंडीलाही मधून कापू नका, कडेने वळसा घाला. विण्याला न विचारता हात लावू नका. विणेकरी बदलतात तेव्हा बघा: देणारा आणि घेणारा एकमेकांच्या पाया पडतात आणि मगच विणा गळ्यात जातो. कुणी तुमच्याही पाया पडेल, बहुतेक तुमच्याहून वयाने मोठं. अवघडून मागे सरू नका, तुम्हीही वाका. इथे प्रत्येक जण माउली आहे, सात वर्षांचा पोरगाही आणि बंदोबस्ताचा पोलीसही.

पुढे म्हणणारे काय म्हणतात याला दिवसाचा क्रम असतो. सकाळी मंगलाचरण, त्यात रूपाचे अभंग. मग काकड्यातली वासुदेव, जोगी, आंधळे-पांगळे यांच्या नावाची पदं. पुढे गौळणी, त्या त्या वाराचे अभंग, आणि एकादशी असल्यामुळे एकादशीचेही. उतरत्या दुपारी हरिपाठ. सगळं यायलाच हवं असं नाही. शब्द कळला नाही तर चरणाचा शेवटचा शब्द पकडा, तोही नाही तर फक्त टाळी. पट्टी उंच असते, ती गाठायला ओरडू नका, खालच्या सुरात म्हणा. दुपारी बारालाच घसा बसलेली माणसं मी खूप बघितली आहेत.

रथ थांबला की दिंडी थांबते, आणि उभ्या दिंडीत पावली सुरू होते. रांगा समोरासमोर वळतात, टाळ वर जातात, दोन पावलं पुढे आणि एक मागे. बघत राहू नका, शिरा. समोरच्याच्या पायांकडे न बघता खांद्यांकडे बघा, खांदे कळले की पाय कळतात. कुणी फुगडीसाठी हात पुढे केला तर तो धरा.

फोन पिशवीत. दिवसातून एकदा, जेवायच्या वेळी काढा. दिंडीपुढे उलटं चालत फोटो काढणारा माणूस पताकावाल्यांची लय मोडतो, मागच्या शेकडो पावलांचा मेळ त्यावर असतो.

तो दिवस

पहाटे चारला उठून घरून थोडं खाऊन निघा. पालखी भवानी पेठेतून पुलगेटमार्गे हडपसरला येते. पूर्ण अंतराची खात्री नसेल तर गाडीतळावर दिंडीला येऊन मिळालात तरी चालेल, मी नवशिक्यांना बहुधा तेच सांगते. गाडीतळावर वाटा फुटतात: तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने जाते, माउलींची सासवड रस्त्याने. चुकीच्या पालखीबरोबर लोणीला पोचलेले लोक दर वर्षी भेटतात, म्हणून दिंडीचा नंबर आणि पालखी दोन्ही पक्कं करून घ्या.

हा दिवस एकादशीचा, हे स्वयंपाक करणारीसुद्धा विसरते आणि पोळ्यांचा डबा घेऊन येते. रस्त्यात जे वाटतात ते उपासाचं असतं: केळी, साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, उकडलेली रताळी, चहा. तुम्ही एरवी उपास करत नसलात तरी त्या दिवशी करा, दिंडीबरोबर पंगतीला बसता येतं. मात्र नुसत्या साबुदाण्यावर घाट चढू नका, पोट जड होतं. शेंगदाणे-गूळ आणि केळं थोड्या थोड्या वेळाने खा. जो जे पुढे करेल ते घ्यायची गरज नाही, हात जोडून ‘झालं माउली’ म्हणायचं. केळ्याचं साल पिशवीत. मागून हजारो अनवाणी पाय येत असतात.

हडपसर ते वडकी हा पट्टा नव्या माणसाला सगळ्यात कंटाळवाणा वाटतो. सावली कमी, रस्ता सरळ. इथे गप्पा सुरू होतात आणि म्हणणं सुटतं. सुटू देऊ नका. गप्पा मारत चाललेलं अंतर पायांत उतरतं.

वडकी नाल्यापाशी दुपारचा विसावा होतो. बूट-मोजे काढा, तळवे वाऱ्याला धरा, पाठ टेका, वीस मिनिटं डोळे मिटा. समोर घाट दिसत असतो, वळणावळणाचा, त्यावर आधीच पोचलेल्या दिंड्यांच्या पताका. इथे रथाला जास्तीच्या बैलजोड्या जुंपतात. गावोगावचे शेतकरी आपले बैल सजवून घेऊन येतात, त्या जोडीचा मान मिळणं त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट असते.

घाटात पावलं लहान करा. अभंग थांबून गजर सुरू होतो, ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’, एक रांग म्हणते, दुसरी उचलते. महिनाभर जे केलंत ते इथे कामाला येतं. दुसरी रांग म्हणत असताना नाकाने श्वास भरून घ्या, आपली पाळी आली की पाऊल आणि शब्द बरोबर टाका. एखादी पाळी सुटली तर सुटू द्या, तेवढ्यात शेजारचे म्हणतात. वाऱ्याने एका वळणावरचा गजर दुसऱ्या वळणावर येतो आणि क्षणभर आपली रांग कुठली तेच कळत नाही. खाली मस्तानी तलाव दिसतो. पुढे जायच्या घाईने किंवा फोटोसाठी कडेचा डोंगर चढून जाऊ नका, पावसात ते दगड निसटतात आणि खाली माणसं असतात.

माथ्यावर पोचलं की नव्या माणसाला वाटतं, झालं. खरा कस त्यापुढे आहे. झेंडेवाडीला विसावा होतो, अंग गार पडतं, आणि उठल्यावर पाय लाकडासारखे होतात. सासवड अजून बरंच लांब असतं. त्या वेळी हरिपाठ सुरू झालेला असेल तर तुमच्यासारखं नशीबवान कुणी नाही. शब्द येत नसले तरी धृपदाला दर वेळी या. मी पहिल्या वर्षी फोड आलेल्या टाचांनी शेवटचा पट्टा चालले तो असा, एका धृपदापासून दुसऱ्यापर्यंत. शेजारच्या मावशींनी माझा दंड धरला होता आणि त्या मला जवळजवळ ओढत होत्या, पण तोंडाने एकही चरण चुकवत नव्हत्या.

सासवडला पोचल्यावर

लगेच बसच्या मागे धावू नका. कऱ्हेकाठी सोपानकाकांची समाधी आहे, त्यांची पालखीही सासवडहूनच पंढरीला निघते. दर्शनाची रांग मोठी असली तर कळसाला हात जोडा. आणि शक्ती असेल तर तळावर, म्हणजे पालखीच्या मुक्कामाच्या मैदानावर, समाजआरतीपर्यंत थांबा. सगळ्या दिंड्या तळावर गोळा झालेल्या असतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात, आणि चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, वर उचलतात. सगळे टाळ थांबतात. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर तेवढी एकच दिंडी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, काय झालं ते ऐकून घेतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू आणि माणसं पुकारली जातात आणि आरती होते. एवढ्या समुदायाला कर्ण्याशिवाय गप्प झालेलं मी दुसरीकडे कुठे अनुभवलेलं नाही.

परत येताना दिवे घाट वाहनांना बंद असतो, गाड्या बोपदेव घाटाने कोंढव्याकडे येतात. पीएमपीच्या जास्तीच्या बस असतात, पण त्या कुठून सुटणार हे दर वर्षी आदल्या दिवशीच्या पेपरात बघा. घरी पोचल्यावर कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवा, भरपूर पाणी प्या, दुसऱ्या दिवशी जमल्यास सुट्टी ठेवा. थोडं चाला मात्र, नुसतं पडून राहिलात तर पोटऱ्या आणखी आखडतात.

आणि निघताना दिंडीत सांगून निघा. पहिल्या वर्षी मी सासवडला पोचल्या पोचल्या, कुणाला न सांगता, समोर दिसलेल्या बसमध्ये चढले होते. पुढच्या दशमीला भवानी पेठेत त्या मावशींना भेटायला गेले तेव्हा त्यांनी आधी माझ्या टाचांकडे बघितलं आणि मग सांगितलं की त्या रात्री त्या दोन तास मला शोधत होत्या आणि समाजआरतीत माझ्या हिरव्या ओढणीची खूण सांगून त्यांनी पुकाराही करवला होता. आता मी तळावर जाते, त्यांच्या राहुटीत डोकावते, ‘निघते माउली’ म्हणते. त्या गुळाचा खडा हातावर ठेवतात आणि कुठल्या बसने जाणार ते विचारून घेतात.